एआय ड्रोन तार पाहून थांबतो का? खरेदीआधी कसं तपासायचं

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रावेर तालुक्यातली तुमची शेतकरी उत्पादक कंपनी केळीच्या करप्यावर फवारणीसाठी दोन स्वयंचलित ड्रोन घेणार आहे. दहा लिटरची टाकी, पुढे दोन कॅमेरे आणि रडार. एआय अडथळा ओळखून ड्रोन स्वतःच थांबवतं, असं विक्रेता सांगतो. टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलला तपासणीनंतर मिळणारं सरकारमान्य प्रमाणपत्र) आहे, माहितीपत्रकावर ९९.५ टक्के अचूकता छापली आहे आणि डेमोत ड्रोन दहापैकी दहा वेळा तारेआधी थांबला. संचालक मंडळाला 'सुरक्षित आहे' असं लेखी हवंय, आणि ते लिहिण्याआधी आपल्या पातळीवर काय तपासता येईल, हे तुम्हाला हवंय.

तपासता येण्यासारखं पुष्कळ आहे. पण एआय किती हुशार आहे इथून सुरुवात केली तर तपासणी भरकटते. आधी धरून चाला की ते कधीतरी चुकणारच. त्या क्षणी ड्रोन तारेपासून किती लांब असेल, किती वेगात असेल आणि त्याला अडवायला दुसरं काय असेल, याची उत्तरं मिळाली की सुरक्षिततेचा बहुतेक हिशोब लागतो.

काही गोष्टी जागेवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. खाली मी रावेर-यावल पट्ट्यातली केळी धरून लिहितोय: दाट बाग, शेताशेतातून गेलेल्या तारा, विहिरीवरचे मोटारींचे पोल. धुळ्याकडे मोकळ्या कपाशीत हेच काम बरंच सोपं आहे. साक्री भागात पवनचक्क्या आहेत, तिथे वाऱ्याचे भोवरे आणि पवनचक्क्यांना जोडणाऱ्या वीजवाहिन्या यांचा वेगळा विचार लागतो. सातपुड्याच्या पायथ्याला जमिनीचा चढ हाच अडथळा होतो. म्हणून खालचे आकडे जसेच्या तसे उचलू नका, ते कसे काढले ते बघा.

आता ते ९९.५ टक्के. विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारा: ९९.५ टक्के कशाचे? बहुतेक वेळा हा आकडा फोटोंच्या संचावरचा असतो, म्हणजे इतके फोटो दाखवले आणि त्यातले इतके बरोबर ओळखले. तुमचा ड्रोन फोटो बघत नाही, तो तारेकडे झेपावत असतो. सेकंदाला वीस चित्रं आली म्हणून वीस वेगळ्या संधी मिळाल्या असंही होत नाही, कारण समोर ऊन असेल तर वीसच्या वीस चित्रांत ते असतं आणि चूक सगळीकडे एकदमच होते. तरी क्षणभर धरू की ९९.५ हा प्रत्येक वेळी तारेसमोर थांबण्याचा आकडा आहे. बांधावरून २०० मीटर तार गेली आहे आणि फवाऱ्याचा पट्टा ५ मीटरचा आहे, तर त्या एका शेतात ड्रोन ४० वेळा तारेसमोर येऊन वळेल. ४० ला अर्ध्या टक्क्याने गुणलं की ०.२ येतं. रोज असं एक शेत केलं तर दर पाच दिवसांनी एक चूक. हंगामाच्या दुसऱ्या आठवड्यात ड्रोन तारेवर लटकलेला असेल.

डेमोचं गणितही करून बघा. दहापैकी दहा वेळा थांबला, यावरून ९५ टक्के खात्रीने इतकंच म्हणता येतं की चुकण्याचं प्रमाण सुमारे २६ टक्क्यांच्या आत आहे. चूक एकही झाली नसेल तर ३ ला प्रयत्नांच्या संख्येने भागा, जवळपास वरची मर्यादा मिळते. प्रयत्न थोडे असतील तर ती किंचित जास्त येते. ६० प्रयत्नांत एकही चूक नाही म्हणजे ५ टक्क्यांच्या आत, ३०० प्रयत्नांत एकही नाही म्हणजे १ टक्क्याच्या आत. तेही प्रयत्न खरोखर वेगवेगळे असतील तरच. एकाच पोलासमोर, एकाच वेळी, एकाच दिशेने ३०० वेळा उडवलं तर माहितीच्या दृष्टीने ते फार तर दहा-पंधरा प्रयत्न.

मोठ्या विमानांच्या क्षेत्रातही हाच पेच आहे, आणि तिथून शिकण्यासारखं बरंच आहे. प्रवासी विमानात ज्या बिघाडाने विमानच कोसळेल, त्याची शक्यता उड्डाणाच्या एका तासाला एक अब्जांश इतकी कमी असावी लागते. ते फक्त उडवून सिद्ध करायचं तर एकही अपघात न होता तीन अब्ज तास उडवावं लागेल, म्हणजे तीन लाखांहून जास्त वर्षं. म्हणून विमानांच्या सॉफ्टवेअरसाठी डीओ-१७८सी नावाचं मानक आहे. सॉफ्टवेअरची प्रत्येक ओळ कोणत्या लेखी गरजेतून आली आणि ती गरज कोणत्या चाचणीत तपासली, हे त्यात दाखवावं लागतं. न्यूरल नेटवर्कची, म्हणजे तुमच्या ड्रोनमधल्यासारख्या उदाहरणांवरून शिकणाऱ्या एआयची, अडचण इथेच होते. त्यात लाखो आकडे असतात, ते प्रशिक्षणातून आपोआप ठरलेले असतात, आणि अमका आकडा तमक्या गरजेसाठी आहे असं बोट ठेवून दाखवता येत नाही.

गणिती सिद्धता शक्य आहे, पण छोट्या नेटवर्कसाठी. मानवरहित विमानांची टक्कर टाळणाऱ्या एसीएएस एक्सयू या प्रणालीच्या नेटवर्कवर २०१७ साली रिलुप्लेक्स नावाच्या पद्धतीने असं काम झालं. विशिष्ट परिस्थितीत नेटवर्क विशिष्ट चुकीचा सल्ला देणारच नाही, हे सिद्ध करता आलं. पण त्या नेटवर्कला आत जाणारे आकडे होते पाच, अंतर, कोन, वेग असे. तुमच्या ड्रोनच्या कॅमेऱ्याचं एक चित्र १२८० गुणिले ७२० धरलं तर नऊ लाखांवर बिंदू होतात. 'काळ्या मातीवर, सकाळच्या उन्हात तार' म्हणजे त्या नऊ लाख बिंदूंत नेमकं काय, हेच गणितात लिहिता येत नाही, मग सिद्ध काय करणार?

युरोपची विमान सुरक्षा संस्था ईएएसए हिने २०२० मध्ये एआयसाठी आराखडा काढला आणि २०२४ मध्ये मार्गदर्शनाची दुसरी आवृत्ती दिली. त्यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. प्रणाली कोणत्या परिस्थितीत चालेल, ती हद्द आधी लिहून काढायची. आणि एआयला शिकवायला वापरलेली माहिती त्या हद्दीतली प्रत्येक परिस्थिती व्यापते का, ते तपासायचं. तिसरी गोष्ट या क्षेत्रात आधीपासून रुळलेली आहे: न तपासता येणाऱ्या हुशार भागावर एक साधा, पूर्ण तपासता येणारा राखणदार बसवायचा. अमेरिकेच्या एफ-१६ विमानांत २०१४ पासून जमिनीवर आदळण्यापासून वाचवणारी अशी यंत्रणा आहे. विमान वैमानिक उडवतो, यंत्रणा मध्ये येत नाही. पण आता खेचलं नाही तर विमान आदळणारच, अशी वेळ आली की ताबा घेऊन विमान वर काढते आणि परत सोडून देते. उडवणारा माणूस आहे की एआय, याच्याशी अशा राखणदाराला देणंघेणं नसतं. तुमच्या ड्रोनला हेच हवंय.

टाइप सर्टिफिकेटबद्दल गैरसमज नको. ते लागतंच, त्याशिवाय घेऊ नका. पण ते त्या मॉडेलच्या आराखड्याबद्दल, वजनाबद्दल, उड्डाणाबद्दल, संपर्क तुटल्यावरच्या वागण्याबद्दल आहे. तुमच्या शिवारातला पोलाचा ताण, म्हणजे पोलाला आधार देणारी तिरकी तार, ड्रोनला दिसतो की नाही, याचं उत्तर त्या कागदात नाही.

आता तारेकडे येऊ, कारण केळी पट्ट्यात बाकीचे सगळे अडथळे एकीकडे आणि तार एकीकडे.

शेतातून जाणाऱ्या ११ केव्हीपर्यंतच्या उघड्या तारेची जमिनीपासूनची किमान उंची नियमाने ४.६ मीटर आहे. रस्त्यावर ती जास्त असते, शेतात नाही. तुमची केळी २ ते २.५ मीटर, त्यावर फवारणीची उंची आणखी २ ते २.५ मीटर. बेरीज करा: ड्रोन नेमका तारेच्याच उंचीवर चालतो. उन्हाळ्यात तार तापून लांबते आणि आणखी खाली येते. जुन्या लाइनीवर पोल कललेले असतात, तिथे तर विचारायलाच नको.

कॅमेऱ्याला ही तार दिसते कशी? शेतातल्या लाइनीची तार साधारण ६ ते १० मिलिमीटर जाडीची. कॅमेऱ्याचा आवाका ९० अंश आणि चित्राची रुंदी १२८० बिंदू धरा. १० मीटरवर कॅमेरा २० मीटर रुंदीचं दृश्य बघतो, म्हणजे एक बिंदू साधारण १६ मिलिमीटरचा. ८ मिलिमीटरची तार त्यात अर्धा बिंदू भरते आणि मागच्या आकाशाच्या किंवा पानांच्या रंगात मिसळून जाते. ५ मीटरवर ती जेमतेम एक बिंदू होते. म्हणजे तार खात्रीने दिसायला लागते ती पाचेक मीटरपासून.

आता थांबायला लागणारं अंतर काढा. ओळखून ब्रेकचा हुकूम जाईपर्यंत अर्धा सेकंद आणि भरल्या टाकीने वेग कमी होण्याचा दर ३ मीटर प्रति सेकंद वर्ग, असं धरा. ६ मीटर प्रति सेकंद वेगाला ३ मीटर प्रतिसादात जातात आणि ६ मीटर ब्रेकमध्ये, एकूण ९. ४ मीटर वेगाला एकूण ४.७. ३ मीटर वेगाला एकूण ३. तार ५ मीटरवर दिसते आणि ६ च्या वेगाला थांबायला ९ मीटर लागतात, तर एआय जगातलं सर्वोत्तम असलं तरी ड्रोन तारेत जाणार. म्हणून तारेजवळचा वेग मी ३ च्या वर जाऊ देत नाही. ४ कागदावर बसतो, पण अर्धी टाकी हिंदकळायला लागली किंवा वारा पाठीमागून असला की उरलेले ३० सेंटिमीटर कुठल्या कुठे जातात. तुमच्या मॉडेलचा आवाका, बिंदू आणि ब्रेकचा दर विक्रेत्याकडून लेखी घ्या आणि हे गणित स्वतः मांडा. कागदावरच जमत नसेल तर चाचणीची तसदीच नको.

दोन कॅमेऱ्यांबद्दल एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. शेजारी-शेजारी बसवलेले दोन कॅमेरे अंतर मोजतात ते डाव्या आणि उजव्या चित्रात वस्तू किती सरकली यावरून. तार आडवी असते. आडवी रेघ आडवीच सरकली तर सरकल्याचं कळत नाही, कारण ती दोन्ही चित्रांत सारखीच दिसते. पोलाचं अंतर बरोबर येतं, झाडाचं येतं, आणि दोन पोलांमधल्या तारेचं येत नाही. कॅमेरे एकावर एक बसवलेले असतील किंवा तिसरा कॅमेरा असेल तर ही उणीव भरून निघते. तुमच्या मॉडेलमध्ये ते कसे आहेत, हे नुसत्या डोळ्यांनी बघता येईल.

रडारचं उलट आहे. तारेकडे काटकोनात गेलं तर रडारला ती छान दिसते. तिरकं, ३०-४० अंशांनी गेलं तर लहर तारेवरून घसरून भलतीकडे जाते आणि परत फारच कमी येते. डेमो नेहमी काटकोनात दाखवतात. पोलाचा ताण तर स्वतःच तिरका असतो.

त्यात करप्याच्या फवारणीची स्वतःची भर आहे. बुरशीनाशकासोबत आपण मिनरल ऑईल वापरतो. पाण्याचे थेंब वाळून जातात, तेलाचा पातळ थर काचेवर राहतो आणि काळ्या मातीची धूळ त्यावर चिकटते. तिसऱ्या-चौथ्या बॅटरीपर्यंत कॅमेरा धुक्यातून बघत असतो. फवारणी आपण सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी करतो, म्हणजे सूर्य खाली आणि थेट समोर. तेलकट काच आणि समोरचं ऊन एकत्र आलं की संपूर्ण चित्र पांढरं पडतं. प्रशिक्षणाच्या फोटोंत हे होतं का, हे विक्रेत्याला विचाराच, पण उत्तर काहीही आलं तरी चाचणी याच स्थितीत घ्या.

उंची धरून ठेवणारं खालचं रडारही केळीत गोंधळतं. बाग दाटण्याआधी ते दोन खोडांमधून जमीन बघतं, दाटल्यावर पानं बघतं. मृगबागेच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीच्या) शेजारी कांदेबागेचा (नंतर लावलेल्या केळीचा) लहान प्लॉट असेल तर लहानातून मोठ्यात शिरताना ड्रोन एकदम दीड मीटर वर चढतो. बांधावर वरून तार गेली असेल तर तो तिच्याकडेच चढतोय. म्हणून दोन वयांचे प्लॉट एका मार्गात घेऊ नका, प्रत्येकाचं वेगळं उड्डाण करा.

इथवरचा निष्कर्ष: तारेपासून वाचवण्याचं मुख्य काम कॅमेरा, रडार आणि एआय यांच्यावर सोपवायचं नाही. मुख्य काम नकाशातल्या कुंपणाचं. ते साधं आहे आणि पूर्ण तपासता येतं.

कुंपण असं करायचं. शेतातला प्रत्येक पोल, प्रत्येक ताण, डीपी (ट्रान्सफॉर्मर), मोटारीचा खांब, विहिरीवरची चौकट आरटीके (जमिनीवरच्या बेसच्या मदतीने काही सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा सांगणारं जीपीएस) लावून पायी फिरून नोंदवा. उपग्रह चित्रावर बोट ठेवून नोंदवू नका, त्यात तार दिसत नाही आणि जागा काही मीटरने सरकलेली असू शकते. दोन पोल जोडणारी रेघ काढा आणि तिच्या दोन्ही बाजूंना अंतर सोडा. किती? वेग ३ ठरवला तरी हिशोब ४ चा धरा: ४ मीटर वेगाला थांबायचे ४.७, ड्रोनचा मध्य ते पात्याचं टोक १, वाऱ्याने तार झुलण्याचा १, झोताने ड्रोन ढकलला जाण्याचा १, नोंदीतली चूक अर्धा. बेरीज ८ च्या थोडी वर येते, मी १० धरतो. आरटीके नसेल तर साध्या जीपीएसचा फरक २-३ मीटरचा असतो, तेव्हा १५ धरा. उड्डाणात आरटीकेची पक्की स्थिती सुटली तर ड्रोनने आपोआप १५ चं कुंपण धरायला हवं किंवा थांबायला हवं. ही सोय आहे का, विचारा. तार आणि कुंपण यांच्यामधली केळी पंपाने फवारा. ते वाया गेलेलं काम नाही, तीच सुरक्षिततेची किंमत आहे.

कुंपणाची एक खोच आहे. काही नियंत्रक कुंपण येतंय हे बघून आधीपासून वेग कमी करतात. काही कुंपण ओलांडल्यावर ब्रेक लावतात. दुसऱ्या प्रकारात तुमचे १० मीटर प्रत्यक्षात सव्वापाच होतात. मोकळ्या रानात काल्पनिक कुंपण आखा, भरल्या टाकीने पूर्ण वेगात त्याच्याकडे पाठवा आणि ड्रोन कुठे थांबतो ते मोजा. दहा मिनिटांचं काम आहे.

मग एआय कशाला? जे नकाशात नाही त्यासाठी. मोटारीसाठी बांबूवरून ओढलेली तात्पुरती सर्व्हिस वायर, नवीन उभा केलेला पोल, मळ्यात आलेला माणूस. इथे एक धोका नीट समजून घ्या. नकाशा शंभरात एकदा चुकतो आणि एआय दोनशेत एकदा, म्हणून दोन्ही मिळून वीस हजारांत एकदा, हे गणित दोघांच्या चुका एकमेकांशी निगडित नसतील तेव्हाच खरं. बांबूवरची काळी, बारीक वायर नकाशातही नसते आणि प्रशिक्षणाच्या फोटोंतही सहसा नसते. दोघं एकाच वेळी आंधळे. यावर उपाय एकच: उड्डाणाआधी शेताला पायी चक्कर. सालदाराला (वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याला) सोबत घ्या, वायर कुठून ओढली आहे ते त्याला नेमकं माहीत असतं.

आता एआयची प्रत्यक्ष चाचणी. चालू लाइनीवर कधीही नाही, महावितरणने बंद केली असं सांगितलं तरी नाही. मोकळ्या रानात ६ मीटरचे दोन बांबू किंवा पाइप ३० मीटर अंतरावर उभे करा आणि त्यांच्यात जुन्या ॲल्युमिनियमच्या तारेचा तुकडा ताणा. दोरी चालणार नाही, रडारला धातू लागतो. तारेची दोन्ही टोकं सुतळीच्या एका पदराने बांधा, म्हणजे ड्रोन अडकलाच तर सुतळी तुटेल. फवारताना ड्रोन जमिनीपासून जितका वर उडतो, तितकीच तारेची उंची. टाकीत साधं पाणी. माणसं ३० मीटर लांब आणि ड्रोनच्या मार्गाच्या बाजूला, समोर कोणी नाही. तारेच्या आधी दर मीटरला जमिनीवर फक्कीची रेघ मारा आणि बाजूने मोबाइलवर व्हिडिओ घ्या. ड्रोनचा लॉग (त्याने स्वतः ठेवलेली उड्डाणाची नोंद) नंतर बघायचा, पण ड्रोन स्वतःच्या चुकीचा साक्षीदार असल्यामुळे बाहेरचं मोजमाप लागतंच.

६० फेऱ्या करा, आणि सोप्यापासून नको, अवघडापासून सुरुवात करा. सकाळी सूर्य समोर, काचेवर तेलाचा वाळलेला थर, तारेशी ३० अंशांचा कोन, अर्धी टाकी, वेग ३. नंतर एकेक गोष्ट बदलत जा: कोन ६० आणि ९०, काच स्वच्छ, भर दुपार, संध्याकाळ, मागे आकाश, मागे केळी, मागे नांगरलेली काळी माती. भरल्या टाकीने बॅटरी दहा-बारा मिनिटं पुरते हे धरून दोन-तीन दिवस लागतील. दर वेळी 'थांबला' एवढंच लिहू नका. पात्याच्या टोकापासून तार किती उरली, ते मीटरमध्ये लिहा. ५९ वेळा ३ मीटर उरले आणि एकदा ४० सेंटिमीटर, तर मला त्या ४० सेंटिमीटरमध्येच रस आहे. त्या फेरीत वेगळं काय होतं ते शोधा. २ मीटरपेक्षा कमी उरलं की ती फेरी नापास धरा. एखाद्या स्थितीत चुकत असेल तर ती स्थितीच कामातून काढता येते का बघा, जसं की सूर्याकडे तोंड करून न उडवणं, मार्ग उत्तर-दक्षिण आखणं. कारण सापडलं नाही तर मात्र ड्रोन घेऊ नका. साठात एक चूक म्हणजे वरची मर्यादा ८ टक्क्यांच्या आसपास जाते.

खोटे थांबेही मोजा. प्रत्यक्ष बागेवर पाणी फवारत चारेक हेक्टर फिरवा. वर आलेला पोंगा, फडफडणारं पान, स्वतःच्याच फवाऱ्याचं धुकं, धूळ, बगळे, यांनी ड्रोन किती वेळा उगाच थांबतो? हेक्टरी एखादा थांबा चालतो. दर ओळीला थांबू लागला तर चालवणारा दुसऱ्या दिवशी अडथळा ओळखण्याचं बटणच बंद करणार, आणि तुमच्या ६० फेऱ्यांचा उपयोग संपला. हे बटण पासवर्डशिवाय बंद होऊ नये आणि बंद केल्याची नोंद लॉगमध्ये राहावी, ही अट घाला.

यानंतर मुद्दाम बिघाड करून बघायचे. हे मोकळ्या रानात, कमी उंचीवर, टाकी रिकामी ठेवून. एका कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावा: ड्रोन उड्डाण नाकारतो, इशारा देतो, की काहीच न झाल्यासारखा निघतो? तिसरा प्रकार असेल तर तिथेच थांबा. आरटीकेचा बेस मध्येच बंद करा. रिमोट बंद करा. सिग्नल दाबणारं यंत्र मात्र वापरू नका, ते बेकायदा आहे. रिमोट बंद केल्यावर बहुतेक ड्रोन ठरलेल्या उंचीवर सरळ वर चढून घरी परततात. वर तार असेल तर हीच सुरक्षेची सोय ड्रोनला तारेत नेते. तारेच्या पट्ट्याजवळच्या शेतात संपर्क तुटल्यावर आधी जागेवर थांबणं आणि मग तारेचं कुंपण न ओलांडताच परतणं, असं सेटिंग हवं. विक्रेत्याकडून ते करून घ्या आणि पुन्हा रिमोट बंद करून तपासा.

'पायलट आहेच ना लक्ष द्यायला' असं मंडळात कोणी म्हणेल. पायलट हवाच, प्रमाणपत्र असलेलाच हवा, पण तारेपासून वाचवणारा म्हणून त्याला मोजू नका. एकसारखं चाललेलं काम बघत असलेल्या माणसाला काहीतरी बिघडलंय हे कळून रिमोटची काठी हातात येईपर्यंत दोन-तीन सेकंद जातात. ४ मीटर वेगाला तेवढ्यात ड्रोन ८ ते १२ मीटर पुढे गेलेला असतो. शिवाय २०० मीटरवरून त्यालाही तार दिसत नाही. दुसरा माणूस तारेच्या बाजूला उभा करा, वॉकीटॉकी द्या आणि त्याला एकच शब्द ठरवून द्या: 'थांब'. मळ्यात कोणी शिरलं, नवीन वायर दिसली, तर हाच माणूस कामी येतो.

करारात चार ओळी नक्की घाला. एक, अडथळा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचा आवृत्ती क्रमांक. दोन, तो तुमच्या परवानगीशिवाय बदलणार नाही. अपडेट आलं म्हणजे आतले आकडे बदलले, आणि कालचा पास झालेला ड्रोन आज वेगळा ड्रोन असतो. निदान सर्वांत अवघड वीस फेऱ्या पुन्हा घ्या. तीन, विक्रेत्याने चालण्याची हद्द लेखी द्यायची: किती वाऱ्यापर्यंत, किती उजेडात, किती तापमानापर्यंत, किती जाडीची तार, किती वेगाला. भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा हवा विरळ होऊन पंख्यांना जास्त फिरावं लागतं आणि अचानक ब्रेक लावायला हातात राहणारा जोर कमी होतो. हद्दीत ४० लिहिलं असेल तर ४० ला काम बंद. चार, उड्डाणाचे लॉग कंपनीच्या मालकीचे.

कायद्याचं थोडक्यात. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २ ते २५ किलो वजनाचा ड्रोन लहान वर्गात येतो, वजन भरल्या टाकीसह धरायचं. नोंदणी होऊन मिळालेला ओळख क्रमांक, पायलटचं प्रमाणपत्र आणि त्रयस्थ पक्षाचा विमा हवा. जळगाव विमानतळ, भुसावळ-वरणगावच्या आयुधनिर्माणी, दीपनगरचं वीज केंद्र या बाजूला काम असेल तर दर वेळी आधी ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा हवाई क्षेत्राचा नकाशा उघडून बघा. फवारणीसाठी कृषी मंत्रालयाची वेगळी कार्यपद्धती आहे, ती पायलटने वाचलेली असावी.

मंडळाला लेखी द्यायचं ते 'ड्रोन सुरक्षित आहे' असं देऊ नका. असं द्या: अमुक आवृत्तीचा ड्रोन, अमुक वेग, वारा आणि तापमानाच्या आत, तारेपासून १० मीटरचं कुंपण ठेवून, दोन माणसांसह वापरायला योग्य आहे, आणि त्याच्या ६० फेऱ्यांची नोंद सोबत जोडली आहे. हद्दीबाहेर कोणी उडवला तर ते कोणाच्या परवानगीने, हेही त्याच कागदावर स्पष्ट होऊ द्या.

आणि इतकं करूनही ड्रोन तारेवर गेलाच तर काय करायचं, हे पहिल्या उड्डाणाआधी सगळ्यांना सांगून ठेवा. बांबूने काढायला जायचं नाही, खाली पडला असला तरी तारेला टेकलेला असेल तर जवळ जायचं नाही, ओल्या पाटात पाय ठेवायचा नाही. सगळ्यांना लांब करा, १९१२ वर महावितरणला कळवा आणि लाइन बंद झाल्याची खात्री त्यांच्याच माणसाने जागेवर येऊन दिल्याशिवाय हात लावू नका. खाली काढलेली बॅटरी फुगली किंवा चेपली असेल तर घरात किंवा गाडीत नेऊ नका. उघड्यावर वाळूत ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत लक्ष ठेवा, कारण अशा बॅटरीला काही तासांनीही आग लागते.